पोंगा वाळल्यावर औषध मारू नका : रब्बी ज्वारीतल्या नेहमीच्या चुका

सोलापूर, मंगळवेढ्याकडच्या कोरडवाहू ज्वारीत दर हंगामाला तीच धावपळ. पेरून तीन आठवडे झाले, मधले पोंगे (रोपाच्या मधली गुंडाळलेली कोवळी पानं) वाळायला लागले की पंप पाठीवर आणि दुकानदाराने दिलेल्या तीन बाटल्या एकाच टाकीत! आधी पोंगा ओढून बघा. अलगद हातात आला, बुडाशी कुजून घाण वास येत असेल तर ती खोडमाशी. अळीने वाढीचा कोंब कापून झालेला असतो. तो कुठल्याही औषधाने परत येत नाही.

माशी पानाखाली पांढरी, लांबट अंडी घालते. दोनेक दिवसांत अळी निघून दवावरून सरकत पोंग्यात उतरते. धोका उगवणीपासून साधारण महिनाभर, म्हणून इलाज पेरणीआधीच. थायामेथोक्झाम ३० टक्के एफएस (बियाण्याला चोळायचं पातळ कीटकनाशक), किलोला १० मिली. एकरी ४ किलो बियाण्याला ४० मिली. गोणीवर बाटली ओतून चार हेलकावे देणं म्हणजे बीजप्रक्रिया नव्हे. हातमोजे घालून प्लास्टिकच्या कागदावर चोळा, प्रत्येक दाण्यावर रंग दिसला पाहिजे. सावलीत सुकवा. जिवाणू संवर्धन (जिवाणू खत) लावायचं तर सगळ्यात शेवटी, पेरणीच्या तोंडावर.

अर्धवट चोळलेलं रान लगेच ओळखू येतं : एक तास (ओळ) तरारलेलं, शेजारच्या तासात मर. मग माणूस बियाण्याला शिव्या घालतो आणि नांगे भरतो, म्हणजे मोकळ्या जागी पुन्हा बी टोकतो. इथेच खरं नुकसान. माशीची पिढी तीनेक आठवड्यांत पुरी होते. पहिल्या मरीतून निघालेल्या माश्यांना नांग्यांतली कोवळी रोपं आयतीच मिळतात. वर जमिनीतली ओलही गेलेली असते. शिवारात पुढेमागे पेरण्या झाल्या तरी हेच होतं. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात, ओल बघून, शेजाऱ्यांबरोबर पेरा. विरळणीची (दाट रोपं उपटून कमी करण्याची) घाई नको. शेवटचा हात फिरेल तेव्हा मर झालेली रोपं आधी उपटा आणि बांधावर न टाकता नष्ट करा.

पानावर ओळीत भोकं आणि खोडात ठिपक्यांची अळी दिसली तर तो खोडकिडा, खोडमाशी नव्हे.

पोंग्यात भुशासारखी विष्ठा दिसते ती लष्करी अळी. भर दुपारी पानांवर वरवर फवारून ती मरत नाही. अळी लहान असताना, संध्याकाळी, नोझल थेट पोंग्यात धरा.

दाणे भरताना ताटं कोलमडली की लोक कीटकनाशकच शोधतात. ताट चिरून बघा : आत काळपट, नुसते तंतू राहिले असतील तर तो खडखड्या. ओल तुटल्यावर येणारी बुरशी आहे ती, कीटकनाशकाने तिचं काही बिघडत नाही.

मावा (रस शोषणारी बारीक कीड) आला, पानं चिकट झाली, तरी आधी मावा खाणारे ढालकिडे आहेत का बघा. ते भरपूर असतील तर पंप खाली ठेवा. आणि ज्या पट्ट्यातला हुरडा पाहुण्यांना खायला घालणार, त्यावर फवारा मुळीच नको.