मचाणावरची वही: हरणांच्या नोंदी कशा ठेवाव्यात

टेक्सासच्या हिल कंट्रीत, कर्व्हिलच्या पश्चिमेला, आम्ही सहा जण मिळून शिकारीची जमीन लीजवर घेतो. पूर्वी दर डिसेंबरात केबिनमध्ये एकच वाद व्हायचा. एक म्हणायचा माद्या फार झाल्यात, दुसरा म्हणायचा नर उरलेच नाहीत, तिसऱ्याला यंदा हरणंच दिसलेली नसायची (तो मचाणावर झोपतो, सगळ्यांना माहीत आहे). आणि पुढच्या मोसमात किती माद्या मारायच्या हे त्या वादात ज्याचा आवाज मोठा त्याच्या मतानं ठरायचं. शेवटी वही माझ्या गळ्यात पडली. तिला आता अकरा वर्षं झाली.

मी हरणं मारतो म्हटल्यावर नागपूरकडची मंडळी तोंड वाकडं करतात, तेही बरोबरच. तिकडे 1972 च्या कायद्यानं बंदी आहे. इथली परिस्थिती वेगळी. लांडगे कधीच संपले. नवजात पाडसांच्या बेंबीत अंडी घालणारी स्क्रूवर्म माशी होती. 1960 च्या दशकात सरकारनं वांझ केलेल्या माशा सोडून तिला हटवायला सुरुवात केली आणि पाडसं जगू लागली. चांगलंच झालं, पण पांढऱ्या शेपटीच्या हरणांना आवर घालणारं मोठं काही उरलं नाही. हरणं जास्त झाली की झाडाझुडपांचा पाला हरणाचं तोंड पोचेल तिथपर्यंत साफ होतो, सुरीनं कापल्यासारखी सरळ रेघ दिसते, आणि मग उन्हाळ्यात तीच हरणं बरगड्या दाखवत फिरतात. किती मारायची हा प्रश्न इथे टाळता येत नाही, म्हणून नोंद.

वही खिशात मावेल अशी घ्या आणि सोबत पेन्सिल. पेन थंडीत चालत नाही. फोनवरची ॲप वापरणारे वापरोत. सांजवेळी मचाणात फोनचा उजेड पडला की पुढची दहा मिनिटं तुम्हाला बाहेरचं काही दिसत नाही.

रकाने एवढेच: तारीख, कुठलं मचाण, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, नर, मादी, पाडस, कळलं नाही. वारा आणि हवामान हवं तर लिहा, मी सोडून दिलं. मात्र तास लिहायचेच. वीस तासांत दिसलेली तीस हरणं आणि शंभर तासांत दिसलेली तीस हरणं या दोन वेगळ्या जमिनी आहेत. याच कारणानं, तीन तास बसून काही दिसलं नाही तर तीन तास आणि शून्य लिहा. शून्य लिहायला लाज वाटते म्हणून लोक तो दिवसच खातात, आणि वर्षअखेर आपल्या जमिनीवर हरणांचा सुकाळ असल्याचा भास होतो.

संख्या मोजायला निघू नका. तेच हरीण सोमवारी दिसेल, गुरुवारीही दिसेल, दोन्ही वेळा लिहा. या वहीतून किती हरणं आहेत ते कळत नाही. शंभर माद्यांमागे नर किती, पाडसं किती, एवढंच कळतं. एकूण आकडा हवा असेल तर रात्री गाडीतून ठरलेल्या वाटेवर झोताच्या उजेडात मोजणी करतात. ती करण्याआधी गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीच्या कायद्यावर नजर ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवा, नाहीतर चोरटे शिकारी समजून तुमच्याच मागे गाडी लागेल.

कधी बसायचं? ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, पहाटे आणि सूर्यास्ताआधीचे दोन तास. आमच्या भागात पाडसं बहुतेक जूनमध्ये जन्मतात, आणि सुरुवातीचे काही आठवडे आई त्यांना गवतात दडवून ठेवते. तेव्हा मोजलं तर पाडसं नाहीतच असं वाटेल. ऑगस्टमध्ये ती आईमागे फिरू लागतात, अंगावर ठिपके असतात, आणि नरांची शिंगं पूर्ण वाढलेली असतात. मोसमातल्या, म्हणजे नोव्हेंबरनंतरच्या नोंदीही ठेवा, पण वेगळ्या पानावर. का, ते आता सांगतो, कारण माझी पहिली दोन वर्षं याच्यात वाया गेली.

ऑक्टोबर उजाडेपर्यंत पाडसाचे ठिपके गेलेले असतात. अंगानं ते भरतं, आईसारखंच करडं होतं. नर पाडसाला अजून शिंगं नसतात, कातडीखाली नुसत्या दोन गुंड्या. त्याला इथे बटन बक म्हणतात. लांबून तो हुबेहूब लहानखुरी मादी दिसतो आणि लोक त्याला मादीच लिहितात. मीही लिहायचो. माझ्या दुसऱ्या मोसमात मादी समजून मारलेलं एक जनावर सोलायला टांगलं होतं. डोकं धरायला हात लावला आणि कानांच्या मध्ये अंगठ्याला हरभऱ्याएवढ्या दोन गाठी लागल्या. त्या संध्याकाळी मी वहीत त्याच मचाणावरून 'तीन माद्या' लिहून ठेवल्या होत्या. त्यातली एक तर ही. उरलेल्या दोन कोण होत्या, देव जाणे.

एका जनावरानं काय बिघडतं असं वाटत असेल तर कागदावर मांडून बघा. समजा खरोखर 100 माद्या, 60 पाडसं आणि 50 नर तुमच्यासमोरून गेले. त्यातली 20 पाडसं तुम्ही मादी म्हणून लिहिलीत. आता वहीत 120 माद्या आणि 40 पाडसं. शंभर माद्यांमागे पाडसं 60 होती, ती 33 झाली. नर 50 होते, ते 42 झाले. एकाच चुकीनं दोन्ही आकडे पाडले, आणि ते वाचणारा म्हणणार, पाडसं जगत नाहीयेत, त्यांना खाणाऱ्या कोयोटींचा (इथलं कोल्ह्यासारखं जनावर) बंदोबस्त करा, आणि माद्या जास्त झाल्यात, त्या मारा. एकही गोष्ट खरी नाही.

ओळखायचं कसं, तर ठिपके विसरा आणि मुस्कट बघा. पाडसाचं तोंड आखूड, कान डोक्याच्या मानानं मोठे. मोठ्या मादीचं तोंड लांबट, दारूच्या बाटलीसारखं निमुळतं. धड बाजूनं बघा: पाडस चौकोनी, मादी आडवी लांब. कपाळ मादीचं गोलसर असतं, बटन बकचं कानांच्या मध्ये सपाट. यासाठी बरी दुर्बीण लागते. रायफलच्या स्कोपमधून, म्हणजे नळी रोखून, हरणं न्याहाळणारा माणूस आमच्या लीजवर परत येत नाही.

एकटं जनावर दिसलं तर विशेष सावध. शेजारी दुसरं नसलं की आकाराचा अंदाज साफ फसतो, आणि मक्याच्या फीडरवर (हरणांसाठी मका टाकणाऱ्या पिंपावर) सगळ्यांआधी बेधडक एकटा येणारा बऱ्याचदा बटन बकच असतो. शहाणी मादी झाडीच्या कडेला उभी राहून पाच मिनिटं हवा हुंगते. तेव्हा थांबा. दुसरं हरीण येऊन शेजारी उभं राहिलं की उत्तर आपोआप मिळतं.

नाही मिळालं तर 'कळलं नाही'. हा रकाना भरायला कोणाचा हात धजत नाही, जणू त्यात आपली नाचक्की आहे. मी उलट म्हणतो, नवशिक्याच्या वहीत हा रकाना जाड नसेल तर त्यानं अंदाज ठोकलेत.

याच्याही पुढची खोड आहे आणि ती जुन्या शिकाऱ्यांतही आहे. अंधार पडताना सात हरणांचा कळप आला. एकाच्या डोक्यावर शिंगं स्पष्ट दिसली, बाकी सहा काही कळेनात. लोक लिहितात: नर एक, कळलं नाही सहा. चूक. शिंगं लांबून आणि कमी उजेडातही दिसतात, मादी आणि पाडस यांतला फरक दिसत नाही. असे कळप जमत गेले की नर तेवढे मोजले जातात आणि माद्या गळतात. म्हणून आमचा नियम: कळपातलं प्रत्येक जनावर ओळखलं तरच कळप नर, मादी, पाडस या रकान्यांत जाईल. एक जरी राहिलं तरी सातही 'कळलं नाही'मध्ये. यावर मित्रांनी माझ्याशी भांडून घेतलंय. मी नियम बदललेला नाही.

आमच्याकडे आणखी एक गुंता आहे, आणि मराठी माणसाला त्याची गंमत वाटेल. इथे चितळ आहेत. 1932 साली टेक्सासमध्ये आणले, कुंपणं ओलांडून पसरले, आता ओढ्याकाठी कळपानं चरतात. पहिल्यांदा दिसले तेव्हा मी रायफल विसरून नुसता बघत बसलो होतो; पेंचला आल्यासारखं वाटलं. पण नोंदीत ते डोकेदुखी आहेत. चितळाचे ठिपके जन्मभर राहतात आणि त्यांची पाडसं वर्षभर कधीही जन्मतात, म्हणजे सप्टेंबरात उंच गवतात ठिपक्यांची पाठ हलली की ती कोणाची हे पाठीवरून ठरवू नका. चितळाच्या पाठीच्या मधोमध काळसर पट्टा असतो आणि गळ्यावर पांढरा डाग. त्यांचं पान वेगळं ठेवा, पण ठेवा जरूर, कारण खाणारी तोंडं तीही आहेत. गवत संपलं की चितळ पाल्यावर येतो. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला नुसत्या गवतावर दिवस काढता येत नाहीत. चितळांना इथे शिकारीचा बंद काळ नाही, त्यामुळे त्यांचं काय करायचं ते वर्षभरात केव्हाही ठरवता येतं.

मारलेल्या जनावराचं वजन, जबड्यावरून वय, मादी असेल तर सडात दूध होतं का, हे सोलतानाच लिहा. कॅमेरे लावायचे तर लावा, पण मक्याच्या ढिगावर लावलेला कॅमेरा दांडगे नर जास्त दाखवतो.

मोसम संपला की बेरीज. पाडसं भागिले माद्या, नर भागिले माद्या, एकूण हरणं भागिले तास. शंभर तासांखालच्या नोंदींवरून मी काहीच ठरवत नाही, आणि एका वर्षावरून तर नाहीच; 2011 सारखं दुष्काळाचं साल आलं की पाडसं मरतात, त्यात तुमच्या शिकारीचा दोष नसतो. तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडा, मग माद्यांचा कोटा बोला.

वही राज्याच्या वन्यजीव खात्याच्या जीवशास्त्रज्ञाला दाखवा. जमीनमालकाला ते फुकट सल्ला देतात. मूळ पानं न्या, स्वच्छ टाइप केलेला तक्ता नको. माझी पहिली वही बघणाऱ्यानं नर-माद्यांचे आकडे वाचलेच नाहीत. 'कळलं नाही'चा कोरा रकाना बोटानं वरपासून खालपर्यंत पुसत नेला आणि विचारलं, "दोन महिन्यांत एकही नाही?"