फ्रान्सच्या जुन्या तिकिटांची रंगछटा कशी ठरवावी

फ्रान्सने १ जानेवारी १८४९ रोजी आपली पहिली टपाल तिकिटे विक्रीस काढली: २० सांतिमचे (सांतिम म्हणजे फ्रँकचा शंभरावा भाग) काळे आणि १ फ्रँकचे हिंगुळी (नारिंगीकडे झुकणारे लाल). दोन्हींवर सेरेस या धान्यदेवतेचे, झाक-झाँ बार यांनी कोरलेले एकच मस्तक होते. ४० सांतिमचे नारिंगी तिकीट येऊ घातले, तेव्हा हिंगुळी तिकिटाशी त्याची गल्लत होईल या भीतीने वर्ष संपण्याआधीच हिंगुळी १ फ्रँक मागे घेण्यात आले आणि डिसेंबर १८४९ मध्ये त्याच्या जागी कारमाइन (निळसर लाल) रंगाचे तिकीट आले. आज त्या हिंगुळी तिकिटाची किंमत कारमाइनच्या कित्येक पट आहे, आणि म्हणूनच या तिकिटांच्या छटा ओळखण्यात झालेली चूक महागात पडते.

नवा संग्राहक सहसा उलट्या टोकाने सुरुवात करतो. तो तिकीट हातात घेतो, कॅटलॉग उघडतो आणि तेथील 'गडद निळा', 'फिकट निळा' या शब्दांशी रंग जुळवू लागतो. रंगाचे नाव सर्वांत शेवटी ठरवावे, असे माझे मत आहे. तिकीट कोणत्या छपाईचे, कोणत्या कागदावरचे, कडा कशा आणि वापर कोणत्या काळातला, हे आधी निश्चित केले की शक्य असलेल्या छटांची यादी दोन-तीनवर येते आणि मग डोळ्यांवर फारसा भार पडत नाही.

सेरेसचे, कडेला छिद्रे नसलेले ४० सांतिमचे नारिंगी तिकीट हे याचे चांगले उदाहरण आहे. ते १८५० मधील मूळ पॅरिस छपाईचे असू शकते. १८७० च्या नोव्हेंबरपासून बोर्दो येथे छापले गेलेले असू शकते. किंवा १८७१ नंतर फ्रेंच वसाहतींसाठी पुरवलेले असू शकते. पॅरिसची छपाई उठावाच्या ठशांवरची असल्यामुळे तिकीट उलटे करून तिरप्या उजेडात धरल्यास मागच्या बाजूस रेषांचा हलका दाब अनेकदा दिसतो. बोर्दोचे तिकीट मात्र शिळाछापाचे आहे. १८७० च्या युद्धात प्रशियाच्या फौजांचा पॅरिसला वेढा पडल्यावर मूळ ठसे शहरातच अडकले आणि पॅरिसबाहेरून चालणाऱ्या सरकारला दगडावरून छपाई करणे भाग पडले. त्या तिकिटाची पाठ सपाट असते आणि दहापट भिंगाखाली बारीक रेषा किंचित मऊ, तुटक दिसतात. वेगवेगळ्या खेपांत बोर्दोच्या शाईचा रंग सारखा बदलत गेला. ४० सांतिममध्ये नारिंगीपासून हिंगुळी आणि थेट रक्तवर्णी छटेपर्यंतचा पल्ला त्यामुळेच आढळतो. म्हणजे 'रक्तवर्णी' हा शब्द उच्चारण्याआधी तिकीट शिळाछापाचे आहे याची खात्री हवी. वसाहतींच्या तिकिटांची छपाई पॅरिसचीच असल्याने तेथे शिक्का निर्णायक ठरतो. पाँडिचेरीतही हीच वसाहती तिकिटे वापरात होती, त्यामुळे 'फ्रान्सचे दुर्मीळ बिनछिद्री' म्हणून दाखवलेल्या तिकिटावर तिथला शिक्का निघाला तर तो प्रश्न तिथेच मिटतो.

त्यानंतर कागदाकडे वळावे. २० सांतिमच्या काळ्या तिकिटात छटेचा बराचसा भाग शाईचा नसून कागदाचा आहे, कारण ते पांढऱ्या तसेच पिवळसर कागदावर मिळते. १८५४ पासूनच्या तिसऱ्या नेपोलियनच्या मस्तकाच्या २० सांतिम निळ्या तिकिटांतही हिरवट, लिलाक (फिकट जांभळी) आणि गुलाबी झाक असलेल्या कागदांची वेगळी नोंद होते. कागदाची झाक पाहायची असेल तर तिकिटाच्या पाठीकडून आणि कडेच्या कोऱ्या भागावरून पाहावी. छापील रेषांमधून दिसणाऱ्या कागदावर शाईचा रंग चढलेला असतो आणि डोळा हमखास फसतो. जुन्या डिंकाचा पिवळेपणा आणि आपल्याकडील पावसाळ्यातील दमटपणाने आलेले डाग यांना कागदाचा रंग समजू नये.

रंगाची पाहणी दिवसाच्या, पण थेट ऊन न पडणाऱ्या उजेडात करावी; उत्तरेकडची खिडकी उत्तम. करड्या जाड कागदाच्या दोन सारख्या तुकड्यांना प्रत्येकी लहान चौकोनी भोक पाडावे, एक आपल्या तिकिटावर आणि दुसरा तुलनेच्या तिकिटावर ठेवावा, म्हणजे शिक्क्याची काळी शाई, रुंद कडा आणि शेजारचे रंग नजरेआड होतात. भोक नेहमी चित्राच्या त्याच भागावर ठेवावे, कारण दाट शाईचा भाग आणि बारीक रेषांचा भाग एकाच तिकिटावर दोन वेगळ्या छटांचा भास निर्माण करतात. हिंगुळी आणि कारमाइन यांतील फरक असाच शेजारी ठेवल्यावर दिसतो: हिंगुळी नारिंगीकडे झुकतो, कारमाइन निळसर लालीकडे. एकटे तिकीट पाहून हा निर्णय मी घेत नाही.

छापील रंगतक्त्यांवर माझा विश्वास कमी आहे. दीडशे वर्षांपूर्वीची शाई आणि आजचा तक्ता यांची चमक जुळत नाही. त्याऐवजी फाटकी, कापलेली, स्वस्त तिकिटे जमवावीत, ज्यांची छटा तारखेने सिद्ध आहे. जुन्या पत्रावर तिकिटाशेजारी तारखेचा गोल शिक्का असतो. त्यावरून ती छटा कोणत्या महिन्यात वापरात होती हे कळते. सुट्या तिकिटावरही अंकांचे (टपाल कचेरीच्या क्रमांकाचे) शिक्के मदत करतात: चौकटीतील लहान अंक १८५२ पासूनचे, तर मोठे अंक १८६३ पासूनचे. १८५० च्या मानल्या गेलेल्या छटेवर मोठे अंक दिसले तर तिकीट पुन्हा तपासावे.

आता बदललेल्या रंगांविषयी. शिशाच्या रंगद्रव्याची नारिंगी आणि हिंगुळी तिकिटे हवेतील गंधकाने काळवंडतात आणि तपकिरी होतात. मी स्वतः सुरुवातीच्या काळात असे एक 'तपकिरी' ४० सांतिम अप्रसिद्ध छटा समजून विकत घेतले होते. कडेने काळे आणि मध्यभागी नारिंगी, असा असमान रंग हे काळवंडल्याचे लक्षण आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेने असा रंग परत येऊ शकतो, परंतु मौल्यवान तिकिटावर प्रयोग करू नये.

१८७६ पासूनच्या साज मालिकेत (चित्रकार साज यांनी रेखाटलेल्या तिकिटांत) छटेआधी प्रकार पाहावा. चित्राखाली साज यांच्या नावापुढील 'आयएनव्ही' ('रेखाटले' या अर्थाचे लॅटिन संक्षेप) या अक्षरांतील 'एन' हे अक्षर वरील 'रेपुब्लिक' शब्दाच्या 'बी'खाली आहे की 'यू'खाली, यावर पहिला आणि दुसरा प्रकार ठरतो. याच मालिकेत प्रशियन निळ्या कागदावरचे १ सांतिमचे काळे तिकीट हे साध्या निळसर कागदावरच्या सामान्य तिकिटाचे दुर्मीळ भावंड आहे, आणि रसायनाने रंगवलेले नमुने बाजारात फिरतात. हे तिकीट, हिंगुळी १ फ्रँक आणि त्याची 'व्हेर्व्हेल' नावाची, डिंक नसलेली फिकट छटा तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय घेऊ नये. १८६२ मध्ये काढलेल्या पुनर्मुद्रणांचा रंग अधिक ताजा असतो, म्हणून 'फारच सुंदर' दिसणाऱ्या सेरेसवर थोडा संशय ठेवलेला बरा.

अल्बममध्ये नोंद करताना छटेच्या नावापुढे छपाई, कागद आणि शिक्क्याचा काळ लिहावा. जिथे पुरावा अपुरा आहे तिथे पेन्सिलीने 'छटा अनिश्चित' असे लिहून तिकीट योग्य तुलनेचा नमुना सापडेपर्यंत तसेच ठेवावे.