गांधीलमाशी मधपेटीवर आली? घाईत होणाऱ्या या चुका टाळा

पाऊस ओसरला, बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडं भात पोटरीला आलं, की सातेरी या देशी मधमाशीच्या पेटीपुढं गांधीलमाश्या घिरट्या घालायला लागतात. गणपतीपासून दिवाळीपर्यंत त्यांचा भर असतो. घरटं पावसाळाभर वाढलेलं असतं आणि आतल्या अळ्यांना मांस लागतं. म्हणून गांधीलमाशी पेटीच्या तोंडासमोर हवेत थांबते, पराग घेऊन परतणारी माशी वरच्यावर उचलते, जवळच्या फांदीवर बसून तिचे पंख-पाय तोडते आणि छातीचा गोळा तेवढा घरट्याकडं नेते. स्वतः ती गोडावर जगते. पिकलेली फळं, झाडाचा रस, गुऱ्हाळावरची काकवी, काहीही चालतं.

पेटी वाचवायची तर हे भांडण पेटीच्या दारातच मिटवावं, घरट्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मधमाशीपालकाचं नुकसान दारात होतं, पण माणसं जखमी होतात ती घरट्यापाशी.

माझी पहिली चूक मला अजून सलते. तळफळीवर लिंबाएवढा माश्यांचा गच्च गोळा दिसला. काहीतरी बिघडलं असं वाटून मी तो झाडूनं फोडला. आतून गांधीलमाशी निसटली आणि पुन्हा आली. तो गोळा म्हणजे सातेरीचं हत्यार होतं. माश्या गांधिलीला चहूबाजूंनी दाबून धरतात, छातीचे स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करतात. आतलं तापमान 46 अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. गांधीलमाशी तिथं मरते, सातेरी मात्र त्याहून दोन-तीन अंश जास्त सोसते. तेव्हा गोळा दिसला तर हात मागं घ्या. दारात माश्या एकाच वेळी अंग हलवून लहर उठवताना दिसल्या, तरी तेच करा. इटालियन माशी बाहेरून आणलेली, तिला ही कला अशी साधत नाही. तिच्या पेट्यांकडं जास्त लक्ष हवं.

दार सताड उघडं ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. फटीची उंची साडेपाच मिलिमीटरच्या आसपास ठेवा, कामकरी माशी सहज जाते, गांधील अडकते. लाकडाची पट्टी किंवा भोकं पाडलेला पत्रा पुरतो. लावल्यावर दहा मिनिटं तिथं बसून बघा. पायावरचे परागाचे गोळे दारातच गळून पडत असतील, तर फट थोडी वाढवा. पेटीच्या मागच्या भेगा, झाकणाची उचललेली कड हीसुद्धा दारंच समजा.

वसाहत अशक्त असेल तर कितीही अरुंद दार उपयोगाचं नाही. अशी वसाहत शेजारच्या जोमदार वसाहतीत मिसळावी. सतत त्रास झाला तर सातेरी पेटी सोडून निघून जाते, आणि मग रिकामे पोळे घेऊन आपण बसतो. गांधीलमाश्या फिरत असताना पेटी उघडून तपासणी करत बसू नका. पोळ्याचे तुकडे, सांडलेला पाक, मेलेल्या माश्यांचा खच पेटीखाली राहू देऊ नका, वासावर त्या परत येतात.

गुळात कीटकनाशक कालवून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्या गुळावर तुमच्याच माश्या आधी बसतील.

आता घरट्याविषयी. सुगीच्या तोंडावर गोठ्याच्या वळचणीला, बांधाच्या बिळात, झाडाच्या ढोलीत ते सापडतं आणि गावातली तरणी पोरं रॉकेल, पेटता बोळा घेऊन निघतात. चिरडलेल्या गांधिलीच्या विषाचा वास बाकीच्यांना हल्ल्याचा इशारा देतो. मधमाशीचा डंख अडकतो आणि ती मरते. गांधीलमाशी मात्र पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. शेजारी पिंजराची गंजी असेल तर आगीचा धोका वेगळाच. वाटेपासून लांबचं घरटं सोडून द्या. पिकावरच्या अळ्याही त्या खातात. शाळा, पाणवठा किंवा दारालगत असेल तर मुलांना दूर ठेवून पंचायतीला कळवा आणि काढायचं काम सुरक्षा पोशाख असलेल्या जाणत्या माणसाकडं द्या. भिंतीवर मातीचं बोटभर घर बांधणारी कुंभारीण ही वेगळी, एकटी राहणारी. तिला मारायचं काही कारण नाही.

मोबाइलवर फिरणारी ती अंगठ्याएवढी आशियाई महाकाय गांधील आपल्याकडची नव्हे. भारतात ती हिमालय आणि ईशान्येकडं आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात 2019 मध्ये ती सापडली आणि डिसेंबर 2024 मध्ये तिचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. ते व्हिडिओ बघून आपल्या परसातली घरटी जाळू नका.

हल्ला झालाच तर हात झाडू नका, तोंड पदरानं किंवा टॉवेलनं झाका आणि बंद घराकडं पळा. विहिरीत उडी टाकू नका, बुडण्याचा धोका त्यात आहे. डंखावर चुना, लोखंड, रॉकेल चोळण्यात वेळ जातो. साबण-पाण्यानं धुवा, थंड पाण्याची पट्टी ठेवा. सूज चढायच्या आत अंगठी, बांगड्या काढा. मधमाशीचा काटा असेल तर नखानं लगेच खरवडून काढा. गांधीलमाशीचा सहसा राहत नाही, तो शोधत त्वचा उकरू नका.

अंगभर गांधी उठणं, ओठ-जीभ सुजणं, धाप, उलटी, चक्कर यातलं काहीही दिसलं तर एकाच डंखानंही जीव जाऊ शकतो. 108 ला फोन करा, माणसाला आडवं झोपवा, पाय उंच ठेवा. धाप लागली असेल तर टेकवून बसवा. अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन हा त्यावरचा उपाय आहे, वेळ घालवू नका. खूप डंख बसले असतील तर बरं वाटलं तरी दवाखाना गाठा, कारण विषाचा भार मूत्रपिंडांवर पडतो. पुढचे दोन दिवस लघवीचा रंग काळ्या चहासारखा होतो का बघा.

आणि दवाखान्यात नुसतं ‘माशी चावली’ म्हणू नका. किती डंख, किती वाजता, कशाचे ते सांगा. समोरची नर्स कन्नड बोलणारी असेल तर ‘जेनु’ म्हणजे मधमाशी, ‘कणज’ म्हणजे गांधील.