लघुग्रह शोधायला बसणाऱ्यांसाठी
या कामात नव्याने येणाऱ्यांना मी आधी एकच सांगतो: हलणारा ठिपका दिसला म्हणजे लघुग्रह सापडला असं नाही. त्याची कक्षा बसली पाहिजे.

आकाशाच्या एकाच तुकड्याचे, काही मिनिटांच्या अंतराने घेतलेले तीन-चार फोटो अ‍ॅस्ट्रोमेट्रिकासारख्या सॉफ्टवेअरमध्ये ब्लिंक करायचे, म्हणजे एकामागोमाग झरझर आलटूनपालटून बघायचे. तारे जागेवर राहतात, लघुग्रह सरकतो. प्रतियुतीच्या, म्हणजे तो आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येण्याच्या, सुमारास मुख्य पट्ट्यातला (मंगळ आणि गुरू यांच्या मधला) लघुग्रह वक्री असतो, म्हणजे उलटा चालताना दिसतो, आणि तासाला साधारण ३० ते ४० विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) पश्चिमेकडे जातो. ठिपका सरळ रेषेत, एकाच वेगाने चाललाय का, तेज तेवढंच राहतंय का, हे नीट बघा. हॉट पिक्सेल (कॅमेऱ्यातले उगाच चमकणारे बिंदू) आणि वैश्विक किरणांचे ओरखडे इथेच गळतात. घाई इथे अजिबात नको.

पण एका रात्रीच्या नोंदींवर कितीतरी वेगवेगळ्या कक्षा बसतात. म्हणून दुसरी रात्र मिळवायचीच. त्यानंतर मायनर प्लॅनेट सेंटर (जगभरच्या लघुग्रहांच्या नोंदी ठेवणारी संस्था) तात्पुरती ओळख देतं: आधी वर्ष, मग पंधरवड्याचं अक्षर.

छोट्या कमानीची, म्हणजे कक्षेचा छोटासाच तुकडा नोंदला गेल्याची, अडचण पहिल्या लघुग्रहापासूनची आहे. १ जानेवारी १८०१ रोजी इटलीतल्या पालेर्मोहून खगोलशास्त्रज्ञ पियाझ्झींनी सेरेस हा पहिला लघुग्रह पाहिला. फेब्रुवारीपर्यंतच्या नोंदी झाल्या आणि तो सूर्याच्या तेजात हरवला. चोवीस वर्षांच्या गणिती गाऊस यांनी तेवढ्यावरून कक्षा काढली आणि वर्षाच्या शेवटच्या रात्री खगोलशास्त्रज्ञ फॉन झाख यांना तो भाकिताच्या जवळच सापडला. मला या क्षेत्रातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

थोडं गणित हातानेही करा. सेरेसचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर २.७७ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर). त्याचा घन करून वर्गमूळ घेतलं की ४.६ वर्षं, हा त्याचा परिभ्रमणकाळ. २.५ एककांना हाच काळ ३.९५ वर्षं येतो, म्हणजे गुरूच्या परिभ्रमणकाळाच्या बरोब्बर एक तृतीयांश. गुरूच्या ओढीमुळे तिथे पट्ट्यात फट पडली आहे. तुमची पहिली कक्षा नेमकी तिथे आली, तर मोजमापं पुन्हा तपासा.

कायमचा क्रमांक मिळायला सहसा चार प्रतियुत्या लागतात आणि दोन प्रतियुत्यांत सव्वा-दीड वर्ष जातं. तेवढ्यात जुन्या सर्वेक्षणांचे फोटो चाळा. मागच्या एखाद्या प्रतियुतीतला ठिपका हाती लागला, तर कमान एकदम काही वर्षांची होते.