बागेवर कर्ज काढताय? कागद आधी मला दाखवा

रत्नागिरीत बँकांसाठी टायटल सर्च, म्हणजे जमिनीच्या मालकीची कागदोपत्री तपासणी, करतो, म्हणून सांगतो: शाखेत जाण्याआधी सातबारा उघडा आणि 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. जुना सोसायटीचा बोजा (कर्जाची नोंद), कुळाची नोंद, आणेवारी न पडलेला, म्हणजे कोणाचा वाटा किती हे न ठरलेला हिस्सा, सगळं तिथेच दडलेलं असतं. आपल्याकडे एका गटावर वीस-पंचवीस नावं सहज निघतात. निम्मी माणसं मुंबईत, काही देवाघरी. वारस-फेरफार, म्हणजे मयताच्या जागी वारसांची नोंद, झाल्याशिवाय आणि सहहिस्सेदारांच्या सह्या आल्याशिवाय मी तरी अहवाल स्वच्छ देत नाही. काका रागावतात, रागावू देत.

तीस वर्षांचा सर्च लागतो, त्यामुळे जुने हस्तलिखित फेरफार तहसीलमधून वेळेत मागवा.

कलमी बाग गहाण ठेवायची तर एक गोष्ट कळायला हवी. बँकेला कोर्टात न जाता थकीत कर्जाची वसुली करू देणाऱ्या 2002 च्या सरफेसी कायद्याच्या कलम 31 मध्ये शेतजमीन वगळली आहे. त्यामुळे ती बँकेला अशी परस्पर ताब्यात घेता येत नाही. म्हणूनच मॅनेजर काजू युनिटची बिनशेती जागा किंवा राहतं घर मागतो. घर द्यायचं की नाही, हे घरच्यांसमोर ठरवा.

मूळ खरेदीखत बँकेत ठेवून गहाण केलंत, तर 30 दिवसांत दुय्यम निबंधकाकडे नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे गहाणाची लेखी सूचना, दाखल करायची. आणि कर्ज फिटलं की बोजा कमी झाल्याचा फेरफार तलाठ्याकडून करून घ्या; तो आपोआप होईल म्हणून बसू नका.