सीटी स्कॅन हलला? पुन्हा घेण्याआधी या चुका टाळा

प्रतिमा दुहेरी दिसली की लगेच पुन्हा स्कॅन घेणं ही सर्वांत मोठी चूक. रुग्णाला जादा रेडिएशन मिळतं आणि मूळ कारण तसंच राहिलं तर दुसरा स्कॅनही हलतो. म्हणून आधी काय हललं ते ओळखा.

छातीचा स्कॅन लंग विंडोवर (फुप्फुसं नीट दिसतील अशा सेटिंगवर) उघडा. कोरोनलमध्ये (समोरून दिसणाऱ्या उभ्या छेदात) डायफ्रामला (छाती-पोटामधल्या पडद्याला) पायऱ्या पडल्यात, स्टर्नमची (छातीच्या मधल्या हाडाची) कडही दुहेरी आहे, तर श्वास सुटलाय. स्टर्नम रेखीव आणि फक्त असेंडिंग एओर्टाची (हृदयातून वर जाणाऱ्या महाधमनीची) कड दुहेरी असेल, तर ते बहुधा हृदयाचं स्पंदन. हेच डिसेक्शन (महाधमनीची भिंत आतून फाटणं) समजलं जाण्याचा धोका असतो. शंका खरी वाटली तर ईसीजी गेटिंग (हृदयाच्या ठोक्यांशी जुळवून स्कॅन) लावूनच पुन्हा घ्या.

श्वासाचं बिघडतं ते बहुतेक वेळा सूचनेपाशी. मशीनमधला इंग्रजी किंवा हिंदी आवाज गावाकडच्या आजींना कळेपर्यंत टेबल सरकायला लागलेलं असतं. टेबलवर झोपवल्यावर त्यांच्या बोलीत दोनदा सराव करून घ्या आणि त्या वेळी पोटाकडे बघा. पोट थांबलं की श्वास थांबला. सूचना संपल्यावर 3-4 सेकंद जाऊ द्या. काँट्रास्टने (शिरेतून देतात त्या औषधाने) अंगात गरम वाटेल, हेही आधीच सांगा, नाहीतर ऐन वेळी रुग्ण दचकतो. पल्मनरी अँजिओत (फुप्फुसाच्या धमन्यांच्या स्कॅनमध्ये) मात्र खोल श्वास नको. त्याने पोटाकडून काँट्रास्ट नसलेलं रक्त हृदयात ओढलं जातं आणि फुप्फुसाच्या धमन्या फिक्या दिसतात.

धाप लागलेल्या रुग्णाला श्वास धरायला लावत बसू नका, स्कॅनचा वेळ कमी करा. 16 स्लाइस मशीनवर 20 मिमी कोलिमेशन (किरणांच्या पट्ट्याची रुंदी), 0.5 सेकंद रोटेशन आणि पिच (एका फेरीत टेबल त्या रुंदीच्या किती पट सरकतं ते) 1 असेल तर 30 सेंमी छातीला 7.5 सेकंद लागतात, पिच 1.375 केला तर साधारण 5.5. जाड रुग्णात एमए (एक्स-रे ट्यूबचा करंट) वाढवायला विसरू नका, नाहीतर नॉइज (प्रतिमेतला दाणेदारपणा) वाढतो. स्कॅन खालून वर घ्या: फुप्फुसाचा तळ सर्वांत जास्त हलतो, तो आधी उरकतो. शेवटी श्वास सुटला तरी वरच्या टोकाचं फार बिघडत नाही.

डोक्याच्या सीटीत कपाळाचा पट्टा एकटा पुरत नाही, दोन्ही कानांशी पॅड घट्ट बसवा. बिघडलेला भागच पुन्हा घ्या, वर-खाली थोडा ओव्हरलॅप ठेवून.

कोरोनरीसाठीचं (हृदयाच्या धमन्यांसाठीचं) मोशन करेक्शन सॉफ्टवेअर श्वासाची हालचाल दुरुस्त करत नाही. शार्प कर्नलने (कडा तीव्र करणाऱ्या फिल्टरने) तर दुहेरी कडा आणखी ठळक होतात.