अलाबामा कसा पाहावा: मराठवाड्यातून जाणाऱ्यांसाठी

मराठवाड्यातून अमेरिकेला जाणारे बहुतेक आईवडील मुलांच्या घरी उतरतात, आणि मुले दक्षिणेकडे असली तर ते घर बहुधा अटलांटा, डॅलस किंवा ह्यूस्टनच्या परिसरात असते. शनिवार-रविवार धरून मत्स्यालय, मॉल आणि देवळे दाखवली जातात आणि दोन-तीन महिन्यांचा मुक्काम संपतो. अटलांटाला जाणाऱ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की त्यांनी या मुक्कामातले चार दिवस शेजारच्या अलाबामासाठी राखून ठेवावेत. ज्याने कापसाची वेचणी केली आहे, पेरणीनंतर ओढ देणारा पाऊस ज्याला ठाऊक आहे आणि नामांतराच्या लढ्याची वर्षे ज्याच्या आठवणीत आहेत, त्याला हे राज्य परके वाटत नाही. आम्ही परभणीकर आहोत. अलाबामाच्या मध्यभागातून जाणाऱ्या सुपीक पट्ट्याला ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणतात आणि ते नाव आधी जमिनीच्या काळ्या रंगावरून पडले, हे कळले तेव्हा आम्ही गाडी थांबवून ती माती पाहिली. ओली असताना चिकटणारी आणि वाळली की भेगाळणारी ती चिकणमाती आपल्या काळीची सख्खी बहीण शोभेल अशी आहे.

जाण्याचा काळ आधी ठरवावा. जून ते ऑगस्ट या महिन्यांत तिथे उन्हाबरोबर दमटपणाही असतो, त्यामुळे आपल्या मे महिन्यातल्या कोरड्या उन्हाची सवय तिथे फारशी कामाला येत नाही. दुपारनंतर गडगडाटासह पाऊसही येतो. मार्च-एप्रिलमध्ये हवा सुखद असते, पण तो टोर्नेडोंचाही, म्हणजे जमिनीवर घोंघावणाऱ्या भोवऱ्यासारख्या वादळांचाही हंगाम असतो, म्हणून रोज सकाळी हवामानाचा अंदाज पाहिल्याशिवाय निघू नये. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा सर्वांत चांगला, कारण ऊन उतरलेले असते आणि रस्त्याच्या कडेला फुटलेला कापूस दिसतो. वेचणी मात्र यंत्राने होते, आणि कापसाच्या गोल, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या प्रचंड गाठी शेतातच पडलेल्या असतात.

सार्वजनिक वाहनांवर विसंबून हे राज्य पाहता येत नाही, गाडी लागतेच. अटलांटाहून आंतरराज्य महामार्ग ८५ धरला की साधारण २०० किलोमीटरवर टस्कीगी येते आणि तिथून पुढे ६०-६५ किलोमीटरवर राजधानी मॉंटगोमेरी. जॉर्जियाची हद्द ओलांडताच घड्याळ एक तास मागे जाते. अटलांटाहून सकाळी आठला निघालेला माणूस दोन तास प्रवास करून टस्कीगीला नऊच्या सुमारास पोहोचतो, ही जातानाची सोय आहे, परंतु परतताना तोच तास हातचा जातो. आम्ही हे विसरलो आणि अटलांटातल्या ठरलेल्या जेवणाला तासभर उशिरा पोहोचलो. त्या दिवशी विमान असते तर ते नक्कीच चुकले असते.

सुरुवात टस्कीगीपासूनच करावी, कारण पुढे मॉंटगोमेरीत जे दिसते ते पेलण्यासाठी आधी इथली उभारणी पाहिलेली असणे मला आवश्यक वाटते. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही, मात्र त्यांची कर्मभूमी अटलांटापासून दोन तासांवर आहे हे अनेकांना ठाऊक नसते. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी ४ जुलै १८८१ रोजी कृष्णवर्णीयांसाठी टस्कीगी ही शिक्षणसंस्था इथे सुरू केली आणि त्यांच्याच बोलावण्यावरून १८९६ साली कार्व्हर आयोवाहून इथे आले. संस्थेच्या जुन्या इमारतींच्या विटा विद्यार्थ्यांनी स्वतः पाडलेल्या आणि भाजलेल्या आहेत. वॉशिंग्टन यांचे ‘द ओक्स’ हे घरही अशाच विटांचे आहे. त्या भिंतींजवळ उभे राहून पाहिले तर एका विटेचा रंग दुसरीपेक्षा थोडा अधिक भाजलेला दिसतो, आणि कुठल्यातरी मुलाने कोणत्या घाईत भट्टी उघडली असेल याची कल्पना करत माणूस बराच वेळ तिथे रेंगाळतो.

हा परिसर राष्ट्रीय उद्यान सेवेच्या देखरेखीखाली आहे आणि प्रवेशाला शुल्क नाही. घर आणि कार्व्हर संग्रहालय यांच्या वेळा दुरुस्ती किंवा मनुष्यबळ यांनुसार बदलतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. संग्रहालयात घाई करू नये. टस्कीगीत आल्यावर कार्व्हरांना प्रयोगशाळा मिळाली नव्हती, त्यांनी विद्यार्थ्यांसह भंगारातल्या बाटल्या, डबे आणि बरण्या गोळा करून ती उभी केली. कापसामागून कापूस घेऊन थकलेल्या जमिनीत चवळी, भुईमूग आणि रताळी घ्या, हा त्यांचा सल्ला होता. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठी नत्र धरून ठेवतात हे आपला शेतकरी आज सहज सांगतो, पण दरवर्षी कर्ज काढून केवळ कापूसच लावणाऱ्या कुळांना ते पटवून देणे सोपे नव्हते. म्हणून १९०६ साली अवजारे, बियाणे आणि दुग्धव्यवसायाचे साहित्य भरलेली ‘जेसप वॅगन’ ही घोडागाडी गावोगाव फिरू लागली. कृषी विद्यापीठांची विस्तारसेवा ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांनी या गाडीची माहिती शब्दन् शब्द वाचावी. १९१६ साली काढलेल्या पत्रिकेत कार्व्हरांनी भुईमुगाचे १०५ पदार्थ दिले होते. पीनट बटरचा शोध मात्र त्यांनी लावलेला नाही, आणि नातवंडांना सांगताना ही चूक आवर्जून टाळावी. ५ जानेवारी १९४३ रोजी ते वारले आणि त्यांची समाधी याच आवारात, वॉशिंग्टन यांच्या समाधीशेजारी आहे. आवारापासून थोड्या अंतरावर मोटन फील्ड आहे, जिथे दुसऱ्या महायुद्धात कृष्णवर्णीय वैमानिक घडले. हाताशी दोन तास असतील तर तेही पाहावे.

शेतीत रस असलेल्यांनी एक दिवस वाढवून एंटरप्राइज या गावी जावे. मॉंटगोमेरीहून आग्नेयेला दीड-पावणेदोन तास लागतात. गावाच्या मधोमध ११ डिसेंबर १९१९ रोजी उभारलेले एक स्मारक आहे. त्यात एक स्त्री दोन्ही हात उंचावून उभी आहे आणि तिने डोक्यावर चक्क एक कीड उचलून धरली आहे. हा कपाशीवरचा सोंड्या भुंगेरा. आपली गुलाबी बोंडअळी ती वेगळी, पण पाते आणि बोंडे पोखरून हंगाम हातचा घालवण्याच्या बाबतीत दोघींत डावे-उजवे नाही. मेक्सिकोतून टेक्सासमार्गे हा भुंगेरा १९१० च्या सुमारास अलाबामात पोहोचला आणि इथला कापूस बुडाला. नाइलाजाने शेतकरी भुईमुगाकडे वळले, भुईमुगाने घरे सावरली, आणि गावाने कृतज्ञतेने किडीचे स्मारक बांधले. मूळ पुतळ्यात कीड नव्हती, ती सुमारे तीस वर्षांनी बसवण्यात आली. २०१७ च्या हंगामात बोंडअळीने गेलेली कपाशी ज्यांनी उपटून टाकली आहे, त्यांना या पुतळ्यासमोर जे वाटेल ते दुसऱ्या कोणत्या पर्यटकाला वाटणे कठीण आहे.

मॉंटगोमेरीसाठी पूर्ण दिवस ठेवावा. गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांना १ डिसेंबर १९५५ रोजी ज्या जागी अटक झाली, तिथेच आता त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. त्यानंतर शहरातले कृष्णवर्णीय लोक ३८१ दिवस बसमध्ये चढले नाहीत, ते पायी किंवा एकमेकांच्या गाड्यांतून कामावर गेले. ते बहिष्काराचे दिवस चालू असतानाच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. दोन्ही तारखा मनात शेजारीशेजारी ठेवून हे संग्रहालय पाहावे. मार्टिन लूथर किंग ज्या डेक्स्टर अॅव्हेन्यूवरील चर्चमध्ये १९५४ ते १९६० या काळात धर्मोपदेशक होते, ते जवळच आहे.

त्यानंतर ‘लेगसी म्युझियम’ आणि टेकडीवरचे राष्ट्रीय शांती व न्याय स्मारक. दोन्ही २०१८ साली खुली झाली. आधी संग्रहालय आणि मग स्मारक हाच क्रम ठेवावा. संग्रहालयात छायाचित्रे घेता येत नाहीत, आणि आठवड्यातले काही दिवस ते बंद असते, म्हणून तिकीट आधीच काढून ठेवावे. इथे एका ठिकाणी फळ्यांवर शेकडो काचेच्या बरण्या मांडल्या आहेत. जिथे जमावाने कृष्णवर्णीय माणसांना ठार मारले, त्या त्या जागेची माती या बरण्यांत भरली आहे आणि प्रत्येकीवर मारल्या गेलेल्या माणसाचे नाव व साल लिहिले आहे. कोणती माती लाल, कोणती तपकिरी, कोणती आपल्या शिवारातल्यासारखी काळीभोर. माझी पत्नी शेतकऱ्याची मुलगी आहे, ती एका बरणीसमोर थांबली आणि हळूच म्हणाली, “ही तर कापसाची जमीन आहे.” नंतर बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. स्मारकात आठशेहून अधिक गंजल्या रंगाचे पोलादी स्तंभ आहेत, अशा हत्या झालेल्या प्रत्येक काउंटीसाठी (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागासाठी) एक. सुरुवातीला ते आपल्या उंचीला असतात, मग जमीन उतरत जाते आणि तेच स्तंभ डोक्यावर टांगलेले दिसू लागतात. १८७७ ते १९५० या काळातल्या ४,४०० हून अधिक बळींची ही नोंद आहे. लहान मुलांना इथे नेण्यापूर्वी त्यांच्या आईवडिलांनी नीट विचार करावा. गुडघेदुखी असणाऱ्यांनी टेकडीची चढण आणि उभे राहण्याचा वेळ लक्षात घेऊन काठी सोबत ठेवावी.

सेल्मा ते मॉंटगोमेरी हा ५४ मैलांचा, म्हणजे सुमारे ८७ किलोमीटरचा रस्ता शक्यतो १९६५ च्या मतदान हक्काच्या मोर्चाच्याच दिशेने पाहावा. सकाळी थेट सेल्माला जाऊन एडमंड पेटस पूल पायी ओलांडावा आणि मग सावकाश परत यावे. पुलाला मध्ये उंचवटा असल्याने चढताना पलीकडचे काही दिसत नाही. ७ मार्च १९६५ रोजी मतदानाचा हक्क मागणारे सहाशेच्या आसपास लोक माथ्यावर पोहोचले तेव्हाच त्यांना समोर लाठ्या घेतलेले पोलीस दिसले. हे वाचून कळत नाही, तो चढ पायाखाली यावा लागतो. पुढे २१ ते २५ मार्च या पाच दिवसांत मोर्चा राजधानीपर्यंत गेला आणि ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. वाटेत लाउंड्स काउंटीत उद्यान सेवेचे माहिती केंद्र आहे. खेड्यापाड्यांतून विद्यापीठाच्या नावासाठी चालत आलेली माणसे ज्यांनी औरंगाबादेत पाहिली आणि १४ जानेवारी १९९४ चा दिवसही पाहिला, त्यांनी तिथे अवश्य थांबावे.

उरलेल्या दिवसात बर्मिंगहॅमचे सोळाव्या रस्त्यावरील बाप्टिस्ट चर्च पाहावे, जिथे १५ सप्टेंबर १९६३ च्या स्फोटात चार मुली मृत्युमुखी पडल्या. समोरच बाग आणि नागरी हक्क संस्थेचे संग्रहालय आहे. नातवंडे सोबत असतील तर उत्तरेला हंट्सविलच्या अंतराळ केंद्रातले खरे सॅटर्न-५ रॉकेट त्यांना दाखवावे.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी माणसाने सावध राहावे. दक्षिणेत पालेभाज्या आणि चवळीसारख्या उसळी अनेकदा डुकराच्या मांसाचा तुकडा घालून शिजवतात, आणि ताटात तो दिसत नाही, म्हणून “यात मांस किंवा चरबी आहे का” हे प्रत्येक वेळी विचारावे. ‘ग्रिट्स’ म्हणजे मक्याच्या कण्या. मीठ आणि लोणी घालून त्या ज्वारीच्या कण्यांची आठवण करून देतात. रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा गरमागरम मिळतात. चहा मागितला तर बर्फ घातलेला गोड चहा समोर येतो, गरम हवा असल्यास तसे स्पष्ट सांगावे.

शेवटचे सांगणे बियाण्यांबद्दल. कपाशीचे फुटलेले बोंड किंवा वेगळ्या जातीची शेंग खिशात टाकण्याचा मोह शेतकऱ्याला आवरत नाही, परंतु परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला नसताना बियाणे भारतात आणता येत नाही. दुसऱ्याच्या शेतात विचारल्याशिवाय पाऊलही टाकू नये. अमेरिकेत उतरताना माती, बियाणे आणि शेतात जाऊन आलात का याबद्दल विचारतात, तिथे खरे उत्तर द्यावे आणि गावाहून निघण्यापूर्वी बुटांच्या तळव्यांना चिकटलेली काळी माती घासून धुवावी.